असमानतेचं उत्तर पुन्हा पुन्हा चुकतंय? चूक नेमकी कोणत्या पायरीत आहे ते असं शोधा

समीकरणं बिनचूक सोडवणारे विद्यार्थी असमानतेत (म्हणजे = ऐवजी <, >, ≤ किंवा ≥ असलेल्या प्रश्नात) अडकतात आणि त्यांना दर वेळी एकच सल्ला मिळतो: ‘ऋण संख्येने भागलं की चिन्ह उलटं कर.’ सल्ला खरा आहे, पण अपुरा आहे. काही उत्तरं हा नियम विसरल्यामुळे चुकतात, काही तो नको तिथे लावल्यामुळे, आणि बऱ्याच उत्तरांचा या नियमाशी संबंधच नसतो. म्हणून आधी चूक कोणत्या जातीची आहे ते ओळखावं, मग दुरुस्ती करावी. अख्खं गणित पहिल्यापासून पुन्हा सोडवण्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण हाताला लागलेली सवय त्याच पायरीवर तीच चूक पुन्हा करवते.

खाली सगळीकडे अज्ञात संख्येला क्ष म्हटलं आहे.

आधी तीन संख्या ठेवून बघा

समीकरणाचा ताळा एका संख्येने होतो. असमानतेचं उत्तर म्हणजे संख्यांचा अख्खा पट्टा, त्यामुळे ताळ्याला किमान तीन संख्या लागतात: सीमेवरची (पट्टा जिथे सुरू होतो किंवा संपतो ती) एक, तिच्या डावीकडची एक आणि उजवीकडची एक. तिन्ही मूळ प्रश्नातच ठेवायच्या. मधल्या पायरीत ठेवल्या तर त्या पायरीआधी झालेली चूक दिसणारच नाही.

समजा प्रश्न आहे ७ − ३क्ष > १९ आणि वहीत उत्तर आलंय क्ष > −४. सीमा −४ ठेवा: ७ + १२ = १९. दोन्ही बाजू सारख्या आल्या, म्हणजे सीमा बरोबर आहे. आता क्ष = ० ठेवा: ७ > १९, हे खोटं. पण आपल्या उत्तरात तर ० बसतो. डावीकडचा −५ ठेवा: ७ + १५ = २२, आणि २२ > १९ हे खरं. आपल्या उत्तराने मात्र −५ बाहेर ठेवलाय. निदान झालं: आकडेमोड ठीक आहे, चिन्हाचं तोंड चुकीच्या बाजूला आहे. बरोबर उत्तर क्ष < −४.

या तपासणीतून तीन प्रकारचे निकाल निघतात. सीमेवर दोन्ही बाजू समान येतात पण शेजारच्या संख्या उत्तराशी जुळत नाहीत, तेव्हा दोष चिन्हाच्या दिशेत असतो. सीमेवर बाजू समानच येत नाहीत, तेव्हा दोष बहुधा आकडेमोडीत असतो. कंस, छेद आणि पलीकडे नेलेली पदं तपासा, दिशेकडे नंतर बघा. सीमा बरोबर, तिच्या शेजारचं सगळं बरोबर, तरी पुस्तकातल्या उत्तरात आणखी एक तुकडा आहे किंवा आपल्याकडे एक जास्त आहे, तर कुठेतरी क्ष असलेल्या राशीने गुणलं किंवा भागलं गेलंय, किंवा वर्ग करताना काहीतरी निसटलंय.

एक अपवाद लक्षात ठेवा. ज्या संख्येने छेद शून्य होतो ती संख्याही सीमा असू शकते, पण ती प्रश्नात ठेवता येत नाही. तिथे फक्त दोन्ही बाजूंचे शेजारी तपासायचे.

एमएचटी-सीईटी किंवा जेईईसारख्या बहुपर्यायी परीक्षेत हीच तपासणी उलट्या दिशेने वापरता येते. चार पर्यायांपैकी दोघांत असलेली आणि दोघांत नसलेली एखादी सोपी संख्या निवडून प्रश्नात ठेवली की दोन पर्याय एका झटक्यात बाद होतात.

चिन्हाचं तोंड चुकतं तेव्हा

२ < ५ हे खरं. दोन्ही बाजूंना −१ ने गुणलं की −२ आणि −५ मिळतात, आणि −२ > −५. ऋण संख्येने गुणल्यावर संख्यारेषेवरची प्रत्येक संख्या शून्याच्या पलीकडच्या अंगाला जाते. जी शून्यापासून उजवीकडे जास्त लांब होती ती आता डावीकडे जास्त लांब असते, म्हणून क्रम उलटतो. बेरीज-वजाबाकीत असं काही होत नाही. सगळ्या संख्या एकाच दिशेला सारख्याच सरकतात. त्यामुळे तोंड फिरवायचं की नाही हा प्रश्न फक्त गुणताना आणि भागताना विचारायचा, आणि फक्त एकच गोष्ट बघायची: ज्या संख्येने गुणतोय किंवा भागतोय ती ऋण आहे का?

हे नीट पाळलं नाही की चार ठरलेल्या जागी घसरण होते.

पहिली जागा वर दाखवलेलीच: −३क्ष > १२ मध्ये −३ ने भागताना तोंड फिरवायचं राहून गेलं.

दुसरी जागा याच्या नेमकी उलट. ५क्ष > −२० मध्ये वजा दिसला म्हणून तोंड फिरवलं आणि उत्तर लिहिलं क्ष < −४. इथे भागलं ५ ने, आणि ५ धन आहे. भागली जाणारी संख्या ऋण आहे की धन, याला महत्त्व नाही. बरोबर उत्तर क्ष > −४.

तिसरी जागा पद पलीकडे नेताना. क्ष + ८ < ३ मध्ये +८ पलीकडे जाऊन −८ होतं, आणि अधिकचं वजा केल्याच्या भरात < चं > होऊन जातं. या दोन बदलांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. पलीकडे नेणं म्हणजे दोन्ही बाजूंतून ८ वजा करणं. ही वजाबाकी आहे, तोंड तसंच राहतं: क्ष < −५. ज्यांच्याकडून हे वारंवार होतं त्यांनी ‘पलीकडे नेलं’ असं लिहिणं काही काळ बंद करावं आणि दोन्ही बाजूंना ‘− ८’ असं प्रत्यक्ष मांडावं. दोन ओळी वाढतात, पण चूक थांबते.

चौथी जागा सगळ्यात कमी ओळखली जाते. गणित सुटून −४ > क्ष आलं, आणि शेवटच्या ओळीत ते क्ष > −४ असं उतरवलं. क्ष डावीकडे आणताना दोन्ही बाजूंची अदलाबदल होते, त्यामुळे चिन्हालाही फिरावं लागतं: निमुळतं टोक आधी ज्याच्याकडे होतं त्याच्याकडेच राहिलं पाहिजे. −४ > क्ष मध्ये टोक क्षकडे आहे, म्हणून क्ष < −४.

उपाय म्हणून एक वाट सुचवते: क्षचा सहगुणक (क्षला गुणणारी संख्या) ज्या बाजूला धन राहील त्या बाजूला क्ष गोळा करा. ७ − ३क्ष > १९ मध्ये दोन्ही बाजूंत ३क्ष मिळवा: ७ > १९ + ३क्ष. मग −१२ > ३क्ष, आणि ३ ने भागून −४ > क्ष. ऋण संख्येने भागण्याची वेळच आली नाही. नवशिक्यांसाठी ही वाट उत्तम आहे, फक्त चौथ्या जागेवर सावध राहावं लागतं. पण तिच्यावर कायमचं विसंबून चालत नाही, कारण दुहेरी असमानतेत ती बंद होते.

उदाहरणार्थ, −३ ≤ ५ − २क्ष < ९. तिन्ही भागांतून ५ वजा: −८ ≤ −२क्ष < ४. तिन्ही भागांना −२ ने भाग: ४ ≥ क्ष > −२. दोन्ही चिन्हं फिरली आणि प्रत्येकाची समानतेची रेघ ज्याच्या त्याच्याजवळ राहिली. लहान संख्या डावीकडे ठेवून लिहिलं तर −२ < क्ष ≤ ४. इथे बहुतेकांचं एकच चिन्ह फिरतं किंवा ‘४ ≤ क्ष < −२’ असं काहीतरी उरतं. एकाच ओळीत साखळी लिहिली की डावं टोक उजव्यापेक्षा लहान आहे ना हे बघण्याची सवय लावा. ४ पेक्षा मोठी आणि −२ पेक्षा लहान अशी संख्या अस्तित्वातच नाही.

मधल्या भागाखेरीज टोकांनाही क्ष असेल, जसं क्ष + १ < २क्ष − ३ < क्ष + ९, तर साखळी तोडून दोन वेगळ्या असमानता करा. पहिलीतून क्ष > ४, दुसरीतून क्ष < १२, आणि दोन्ही एकाच वेळी हव्यात म्हणून ४ < क्ष < १२.

सीमाच चुकीची येते तेव्हा

इथे दोषी बहुधा अपूर्णांकापुढचा वजा असतो. हे बघा:

(क्ष − २)/३ − (क्ष − ५)/२ ≥ १

सहाने गुणलं: २(क्ष − २) − ३(क्ष − ५) ≥ ६. कंस सोडवून २क्ष − ४ − ३क्ष + १५ ≥ ६, म्हणजे −क्ष + ११ ≥ ६, म्हणजे −क्ष ≥ −५, आणि −१ ने गुणून क्ष ≤ ५. सीमा ५ ठेवली तर ३/३ − ०/२ = १. जुळलं.

आता चुकीची उत्तरं. क्ष ≤ −२५ आलं असेल तर −३ ने −५ ला गुणताना +१५ ऐवजी −१५ लिहिलं गेलंय. क्ष ≤ १० आलं असेल तर डावी बाजू सहाने गुणली पण उजवीकडचा १ तसाच राहिला. दोन्ही ठिकाणी दिशा बरोबर आहे, त्यामुळे उत्तर बघताक्षणी संशय येत नाही. सीमा ठेवली की मात्र लगेच उघडं पडतं. क्ष = १० ठेवल्यावर ८/३ − ५/२ = १/६ येतं, १ नाही. असमानतेतल्या या चुका खरं तर समीकरणातल्याच आहेत, आणि त्यावरचा उपायही तोच: छेद घालवण्याआधी प्रत्येक अंशाला कंस घाला, आणि गुणायची संख्या एकट्या आकड्यालाही लावली का ते बघा.

क्षच नाहीसा होतो

२(क्ष + ३) > २क्ष + ५ सोडवताना ६ > ५ उरतं आणि विद्यार्थी गोंधळतो. गणित बिघडलेलं नसतं. उरलेलं विधान खरं असेल तर प्रत्येक वास्तव संख्या हे उत्तर; खोटं असेल, जसं ५ > ६, तर उत्तरच नाही. ‘क्ष = ०’ असं लिहून मोकळं होऊ नका.

उत्तराचा एक तुकडा गायब होतो

सगळ्यात जास्त गुण इथे जातात. समीकरणात (क्ष − २) ने दोन्ही बाजू गुणायला फक्त तो शून्य नसणं पुरतं. असमानतेत त्याचं चिन्हही माहीत असावं लागतं, आणि क्षची किंमत कळेपर्यंत ते माहीत नसतं.

(क्ष + १)/(क्ष − २) ≤ ३

सवयीने तिरका गुणाकार होतो: क्ष + १ ≤ ३क्ष − ६, म्हणून ७ ≤ २क्ष, म्हणून क्ष ≥ ७/२. आता क्ष = ० ठेवून बघा: १/(−२) = −१/२, आणि ते ३ पेक्षा लहानच आहे. म्हणजे ० उत्तरात हवा होता, पण आपण तो टाकून दिला. क्ष < २ असताना क्ष − २ ऋण असतो. तेव्हा गुणताना तोंड फिरायला हवं होतं आणि ते फिरलं नाही.

दुरुस्ती अशी करा. गुणूच नका. सगळं एका बाजूला आणा, दुसऱ्या बाजूला शून्य ठेवा:

(क्ष + १)/(क्ष − २) − ३ ≤ ०
(७ − २क्ष)/(क्ष − २) ≤ ०
−१ ने गुणून (२क्ष − ७)/(क्ष − २) ≥ ०

अंश शून्य होतो ७/२ ला, छेद शून्य होतो २ ला. या दोन संख्या रेषेवर मांडल्या की तीन भाग पडतात. प्रत्येक भागातली एक संख्या ठेवून चिन्ह काढा: क्ष = ० ला ऋण भागिले ऋण, म्हणजे धन; क्ष = ३ ला −१/१, म्हणजे ऋण; क्ष = ४ ला १/२, म्हणजे धन. धन किंवा शून्य हवं आहे, म्हणून क्ष < २ किंवा क्ष ≥ ७/२. सीमा ७/२ उत्तरात आली, कारण तिथे राशी शून्य होते. २ मात्र कधीच येणार नाही, प्रश्नात ≤ असलं तरी, कारण तिथे राशीला किंमतच नाही. छेदाच्या सीमेला रेषेवर पोकळ वर्तुळ (म्हणजे ती संख्या उत्तरात नाही), हे प्रश्नातलं चिन्ह न बघताच ठरवून टाकता येतं.

ज्यांना गुणायचंच आहे त्यांनी (क्ष − २)² ने गुणावं. क्ष = २ सोडून तो नेहमी धन असतो, त्यामुळे तोंड फिरण्याचा प्रश्न येत नाही. मिळणारी (क्ष − २)(७ − २क्ष) ≤ ० ही असमानता तेच उत्तर देते, फक्त २ हाताने वगळावा लागतो, आणि ते हमखास विसरलं जातं. म्हणून एका बाजूला शून्य आणून चिन्हांचा तक्ता करणंच बरं.

याच जातीच्या आणखी काही चुका आहेत. क्ष² < ५क्ष मध्ये दोन्ही बाजूंना क्षने भागून क्ष < ५ लिहितात. −१ ठेवा: १ < −५, खोटं. क्ष(क्ष − ५) < ० असं मांडलं की खरं उत्तर निघतं: ० < क्ष < ५. तसंच १/क्ष < १/५ वरून क्ष > ५ एवढंच लिहिलं जातं आणि सगळ्या ऋण संख्या सुटून जातात. उत्तर आहे क्ष > ५ किंवा क्ष < ०. आणि म × क्ष > ३ सारख्या प्रश्नात मची किंमत दिलेली नसेल, तर तीन वेगळ्या ओळी लिहाव्याच लागतात: म धन असेल तर क्ष > ३/म, म ऋण असेल तर क्ष < ३/म, म शून्य असेल तर उत्तर नाही.

वर्ग, वर्गमूळ आणि केवलमूल्य

क्ष² > ९ चं उत्तर ‘क्ष > ±३’ असं लिहिलेलं सर्रास दिसतं. त्याला काही अर्थ नाही. (क्ष − ३)(क्ष + ३) > ० करून तक्ता मांडा: क्ष < −३ किंवा क्ष > ३.

(क्ष − ५)(क्ष + ३) < ० मध्ये समीकरणाची सवय आड येते: ‘क्ष − ५ < ० किंवा क्ष + ३ < ०’. गुणाकार शून्य असेल तर एक अवयव शून्य असतो हे खरं, पण गुणाकार ऋण असेल तर एक अवयव ऋण आणि दुसरा धन हवा. दोन्ही ऋण झाले तर गुणाकार धन होतो. उत्तर −३ < क्ष < ५.

तक्ता करताना चिन्हं ‘अधिक, वजा, अधिक’ अशी आलटून पालटून डोळे झाकून भरू नका. (क्ष − १)²(क्ष − ४) < ० मध्ये १ ओलांडताना चिन्ह बदलत नाही, कारण वर्ग दोन्हीकडे धनच असतो. उत्तर क्ष < ४, त्यातून १ वगळून. अवयवाचा घात सम असेल तर चिन्ह तसंच राहतं, विषम असेल तर बदलतं.

वर्गमूळ घालवण्यासाठी दोन्ही बाजूंचा वर्ग करायचा असेल, तर आधी दोन्ही बाजू ऋण नाहीत याची खात्री हवी. √(२क्ष + ३) < क्ष चा वर्ग करून क्ष² − २क्ष − ३ > ० मिळतं आणि त्यातून क्ष < −१ किंवा क्ष > ३. यातला पहिला तुकडा बनावट आहे. डावीकडचं वर्गमूळ ऋण नसतं, मग त्याहून मोठा असलेला क्ष ऋण कसा असेल? उत्तर फक्त क्ष > ३.

केवलमूल्यात ‘आणि’ व ‘किंवा’ यांची अदलाबदल होते. |२क्ष − १| < ७ म्हणजे २क्ष − १ ही राशी शून्यापासून ७ च्या आत: −७ < २क्ष − १ < ७, म्हणून −३ < क्ष < ४. |२क्ष − १| > ७ म्हणजे ती ७ च्या बाहेर, आणि बाहेर जायला दोन वेगळ्या दिशा आहेत: क्ष < −३ किंवा क्ष > ४. हे ‘४ < क्ष < −३’ असं एका साखळीत कोंबता येत नाही. दुसऱ्या बाजूला ऋण संख्या दिसली की सोडवायला बसूच नका: |क्ष + ३| < −२ ला उत्तर नाही, आणि |क्ष + ३| > −२ प्रत्येक संख्येसाठी खरं आहे.

वर्गाचा किंवा केवलमूल्याचा आकार डोळ्यांनी बघायचा असेल तर जिओजेब्रा या आलेख काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये असमानता क्षच्या जागी x लिहून टाईप करा. उत्तराचा भाग रंगतो. < किंवा > असेल तर कड तुटक रेषेची असते, ≤ किंवा ≥ असेल तर सलग. आधी कागदावर सोडवा, मग तिथे पडताळा.

शाब्दिक उदाहरणांत

इथे दोन ठिकाणी पाय घसरतो. ‘किमान’ हा शब्द ‘कमी’सारखा वाटतो म्हणून ≤ लिहिलं जातं. किमान ६५ म्हणजे ६५ किंवा जास्त, म्हणून ≥. ‘जास्तीत जास्त’, ‘पेक्षा जास्त नको’, ‘कमाल’ यांना ≤. ‘पेक्षा जास्त’ आणि ‘पेक्षा कमी’ यांत समानता नाही. चार चाचण्यांत ६२, ७१, ५८, ६६ गुण आहेत आणि पाच चाचण्यांची सरासरी किमान ६५ हवी, तर २५७ + क्ष ≥ ३२५, म्हणून क्ष ≥ ६८. नेमके ६८ मिळाले तरी चालतील.

दुसरी जागा म्हणजे पूर्णांकात आणणं. ४५० रुपयांत ६० रुपयांची कंपासपेटी घेऊन ३८ रुपयांच्या किती वह्या येतील? ३८क्ष + ६० ≤ ४५०, म्हणून क्ष ≤ १०.२६ च्या आसपास, म्हणजे १० वह्या. आता सहलीला २३० मुलं आणि ५२ आसनांच्या बस: ५२क्ष ≥ २३०, क्ष ≥ ४.४२ च्या आसपास. इथे जवळचा पूर्णांक म्हणून ४ लिहिलं तर २२ मुलं मागे राहतात. उत्तर ५ बस. दशांशाच्या नेहमीच्या नियमाने इथे पूर्णांक निवडायचा नसतो. ≤ असेल तर खालचा पूर्णांक, ≥ असेल तर वरचा, आणि मग तो आकडा मूळ वाक्यात ठेवून एकदा मोजून बघायचा: ५ × ५२ = २६०, २३० मुलं बसली, ३० जागा रिकाम्या.